झिलमिलीची झडप, राउटरचा जिग आणि चार एमएमची चूक

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या दोन खिडक्या, त्यांना चार नव्या झडपा, सगळ्या सागवानात आणि पक्क्या झिलमिलीच्या, म्हणजे तिरक्या, न फिरणाऱ्या पट्ट्यांच्या. राउटरसाठी (फिरत्या पात्याने खाच पाडणारं यंत्र) प्लायचा जिग, म्हणजे त्याला रस्ता दाखवणारा साचा, तुम्ही स्वतः केला आणि पहिल्या झडपेत ३९ पट्ट्या बसवल्या. आता सगळ्या पट्ट्या उजवीकडे चार एमएम चढलेल्या दिसतात. तळाची पट्टी डावीकडे खालच्या आडव्या लाकडाला घासते, माथ्याची उजवीकडे वरच्या लाकडाला. शिवाय खाचेच्या बाजूला उरलेला काठ एका उभ्या लाकडावर बाहेरून साडेतीन एमएम, तर दुसऱ्यावर अडीच. तुम्ही विचारलंय की राउटर हलतोय का, चांगला राउटर घ्यावा का.

राउटर बदलू नका. तुमच्या मापांवरून तरी राउटरचा दोष दिसत नाही. उभ्या लाकडांची जोडी कापताना तुम्ही जिग कसा उलटा केलात, तिथं गोम आहे. जिग खाच पाडतो असं आपल्याला वाटतं, पण खाच पाडायला पटाशीही पुरते. खाच कुठून मोजायची हे ठरवायला जिग लागतो, आणि ते मोजमाप तुमच्याकडे दोन लाकडांवर दोन वेगवेगळ्या टोकांवरून झालंय.

हे कशावरून म्हणतो ते सांगतो. मागच्या खाचेत खुंटी अडकवून पुढची खाच पाडायची, असा तुमचा जिग आहे. पिच, म्हणजे एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर, २५ एमएम धरलेला. समजा खुंटी ०.१ एमएमने चुकली, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी. ३९ खाचांमध्ये ३८ अंतरं, म्हणजे शेवटपर्यंत ३.८ एमएम. आता दोन्ही लाकडं वरच्या टोकापासून सुरू केली असती, तर चूक दोन्हीकडे सारखीच वाढत गेली असती आणि पट्ट्या तरीही समपातळीत बसल्या असत्या. एक लाकूड वरून आणि दुसरं खालून सुरू केलं, की एकाची चूक खाली साठते आणि दुसऱ्याची वर. मग पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक पट्टी तेवढीच तिरकी होते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. वरची पट्टी सरळ असून खाली येता येता तिरकेपणा वाढत गेला असता, तर मी खुंटी झिजली का असं विचारलं असतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच तिरक्या आहेत, म्हणजे सुरुवात दोन टोकांनी झाली.

काठाचा फरकही त्यातूनच आला. डाव्या आणि उजव्या लाकडाच्या खाचा एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. लाकूड नुसतं टोकाला टोक फिरवून ती मिळत नाही, कारण तिरकी रेघ अर्धा फेरा फिरवली तरी त्याच दिशेला तिरकी राहते. त्यामुळे जिगच पालथा करावा लागतो, आणि पालथा करायच्या दोन पद्धती आहेत. लाकूड तुमच्यासमोर लांबीने, टोक तुमच्यापासून दूर, असं ठेवलंय असं धरा. पुस्तकाचं पान उलटतो तसा जिग आडवा उलटला, तर खाचेचा कल बदलतो, खुंटी होती त्याच बाजूला राहते आणि बाहेरच्या तोंडाला टेकणारी फळी बाहेरच्याच तोंडाला टेकते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उलटतो तसा जिग उलटला, तर कल बदलतो खरा, पण खुंटी विरुद्ध बाजूला जाते आणि बाहेरची फळी आतल्या तोंडाला येऊन बसते. मग साहजिकच आपण दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो, आणि जिगमधली खाच मध्यापासून अर्धा एमएम सरकलेली असेल तर दोन लाकडांत मिळून एक एमएमचा फरक पडतो. तुम्ही कॅलेंडरचं पान उलटलंय.

लाजू नका, मी याच्याही पुढे गेलोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका वाड्याच्या झडपा करताना मी एका जोडीची दोन्ही लाकडं डावीच कापली. जेवायची सुट्टी झाली, परत आलो, जिग जसा होता तसाच लावला. दोन्ही लाकडं समोरासमोर धरली तेव्हा एकीकडच्या खाचा आकाशाकडे, दुसरीकडच्या जमिनीकडे. कर्नाटकातल्या दांडेलीचं सागवान होतं. वडील काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून लाकडाच्या आतल्या कडेवर खडूने बाण काढल्याशिवाय मी राउटरचं बटण दाबत नाही. बाणाचं टोक वर, शेपटीला 'डा' किंवा 'उ', आणि बाहेरच्या तोंडावर फुली.

आता तयार झालेल्या झडपेचं काय करायचं? ती टाकू नका. चूक सगळीकडे सारखी आहे, ही तुमची नशिबाची बाजू. एक उभं लाकूड लांबीने चार एमएम सरकवलं की सगळ्या पट्ट्या एकदम समपातळीत येतात. उभी लाकडं दोन्ही टोकांना इंच-दीड इंच जास्त ठेवली असतील आणि आडव्या लाकडांच्या कुसवांसाठी (टोकाच्या जिभांसाठी) खाचा अजून पाडल्या नसतील, तर नुसतं सरकवा आणि टोकं मागाहून छाटा. कुसवांच्या खाचा पाडून झाल्या असतील, तर त्या एकीकडे चार एमएम वाढवा आणि दुसऱ्या बाजूला त्याच सागाची चार एमएमची पाचर डिंकाने बसवा. वर आणि खाली प्रत्येकी एकेक एमएम फट उरेल, ती चालते. काठातला एक एमएमचा फरक मात्र राहणार, पट्टी तेवढी आत-बाहेर तिरपी बसेल. रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही. ती झडप मागच्या खिडकीला लावा.

उरलेल्या तीन झडपांसाठी जिग नव्याने करा. मापं कशी काढायची ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मापांचा हिशेब बरोबर आला असला तरी तो का बरोबर आला हे कळलं, की पुढच्या वेळी दुसऱ्या जाडीच्या लाकडाला वापरता येईल.

दीड इंची लाकूड रंधून ३५ एमएम राहतं असं धरू. खाच ४५ अंशात, पट्टीची जाडी १० एमएम, दोन्ही कडा पूर्ण गोल केलेल्या. गोल कडा शोभेसाठी नाहीत. राउटरची खाच टोकाला गोलच पडते, पट्टीही गोल असली की पटाशीने ३१२ खाचांचे कोपरे काढत बसावं लागत नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना ३ एमएम काठ हवा. त्याहून कमी ठेवला तर सागाची ढलपी उडते, विशेषतः लाकडाची रेषा तिरकी असेल तिथं. म्हणजे खाचेला ३५ पैकी २९ एमएम मिळाले. त्यातले १० एमएम टोकांच्या गोलाईत जातात, उरलेल्या १९ ला ४५ अंशाच्या हिशेबाने ०.७०७ ने भागलं की २७ येतात. खाचेच्या दोन गोल टोकांच्या केंद्रांमधलं अंतर २७, पूर्ण खाच ३७ एमएम लांब.

उंचीच्या दिशेनेही पट्टी २९ एमएम जागा व्यापते, कारण कोन ४५ आहे. पिच २५ ठेवला तर वरच्या पट्टीचा खालचा काठ खालच्या पट्टीच्या वरच्या काठापेक्षा ४ एमएम खाली येतो. समोर उभं राहून आत दिसत नाही, आणि दोन पट्ट्यांमधून साधारण पावणेआठ एमएम फट वाऱ्याला मिळते. पिच २९ च्या वर गेला की रस्त्यावरून थेट घरात दिसतं आणि पश्चिमेचा पाऊसही सरळ आत येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा कुठून येतो ते तुम्हाला सांगायला नको. खिडकी पश्चिमेला असेल तर पिच २५ वरून २४ करा, पूर्वेला असेल तर २६ सुद्धा चालेल. ज्याची खिडकी त्यानं ठरवायचं.

पिच एकदा ठरला की खिडकीच्या उंचीसाठी तो बदलू नका. आडव्या लाकडाची रुंदी बदला. समजा दोन आडव्या लाकडांमधली मोकळी उंची १००० एमएम येतेय. पहिल्या खाचेचा मध्य लाकडापासून साडेसतरा एमएमवर (अर्धी पट्टी साडेचौदा आणि फट तीन), शेवटचाही तसाच. उरले ९६५, त्याला २५ ने भागलं तर ३८ अंतरं आणि १५ एमएम शिल्लक. हे १५ एमएम ३८ ठिकाणी वाटण्याच्या भानगडीत पडलात तर पिच २५.३९ येतो, आणि ते माप कोणत्याच मोजपट्टीवर नसतं. वरचं आणि खालचं आडवं लाकूड साडेसात साडेसात एमएम रुंद केलं की संपलं.

जिगचा टेम्पलेट, म्हणजे ज्यात खाचेचा आकार कापलेला असतो तो तुकडा, १२ एमएमच्या प्लायचा किंवा एमडीएफचा (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) करा. मी एमडीएफ घेतो, कारण प्लायच्या थरांत कानस अडकते. राउटरला १० एमएमचा सरळ बिट (कापणारं पातं) आणि १६ एमएम बाहेरच्या व्यासाचा गाईड बुश, म्हणजे बिटभोवती बसणारी आणि टेम्पलेटच्या कडेला टेकून चालणारी नळी. बुश आणि बिट यांच्यात ६ एमएमचा फरक, तेवढीच टेम्पलेटची खाच मोठी हवी: १६ रुंद, ४३ लांब. केंद्रातलं अंतर तेच, २७. म्हणून ४५ अंशाच्या रेघेवर २७ एमएम अंतराने १६ एमएमची दोन भोकं पाडायची आणि मधला भाग काढायचा. मधला भाग जिगसॉने काढून कानशीने सरळ करता येतो, पण सरळ पट्टीच्या आधाराने १६ एमएमच्या बिटने काढलात तर बुश लोण्यासारखा सरकतो. बुशची लांबी टेम्पलेटच्या जाडीपेक्षा कमी, म्हणजे १० एमएम ठेवा, नाहीतर तो लाकडावर टेकतो आणि राउटर डुगडुगतो. तुमचा राउटर हलतोय असं जे वाटलं, त्याचं एक कारण हेही असू शकतं, एकदा बघून घ्या. तयार बुशच्या सेटमध्ये हवा तो व्यास नसेल तर उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही लेथवाल्याकडे पितळेचा कातून मिळतो. या बाबतीत आपण कोल्हापूरकर सुखी आहोत. मुंबईतले माझे ओळखीचे मिस्त्री एवढ्याशा बुशसाठी आठवडाभर थांबतात.

खुंटीची पद्धत मी मोठ्या झडपांना वापरत नाही. लहान कपाटाच्या दाराला, दहा-बारा पट्ट्या असतील तिथं ती ठीक. ३९ खाचांना मी भोकांची पट्टी वापरतो. लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, तिच्यात २५ एमएमवर ६ एमएमची भोकं. उभं लाकूड एका लांब पाटाच्या खोबणीत शिकंज्याने पक्कं करायचं, पट्टी पाटाच्या कडेला स्क्रूने बसवायची, आणि टेम्पलेट पुढे सरकवत प्रत्येक भोकात गज अडकवून खाच पाडायची. मागची खाच पुढच्या खाचेला चूक देतच नाही. भोकं पाडताना मात्र एका भोकापासून दुसरं मोजू नका, सगळी मापं एकाच टोकापासून, एकाच पोलादी पट्टीने आखा. त्याहून सोपं म्हणजे उद्यमनगरातच डीआरओ (अंतर आकड्यांत दाखवणारा पडदा) असलेल्या मिलिंग मशीनवर पाडून घ्या. चाळीस भोकांचं काम तासाभरात होतं, आणि अशी पट्टी जन्मभर पुरते. माझी पट्टी माझा मुलगा वापरतोय. तरीही भोकांच्या पट्टीत कुठं चूक राहिलीच, तर ती दोन्ही लाकडांवर त्याच जागी येते, कारण दोन्ही वरच्याच टोकापासून सुरू होतात. पट्ट्या समपातळीतच राहतात.

टेम्पलेटला दोन्ही बाजूंना फळ्या लावा, पण बाहेरच्या तोंडाची फळी पक्की आणि आतली पाचरीने दाबणारी. उलटताना पुस्तकाचं पान उलटा. उलटल्यावर एका बाजूचं भोक दुसऱ्या बाजूला जातं, म्हणून गजासाठी टेम्पलेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक आरपार भोक ठेवा, म्हणजे उलटल्यावर वेगळी सोय करावी लागत नाही. टेम्पलेटच्या एका तोंडावर 'डावं' आणि दुसऱ्या तोंडावर 'उजवं' असं मार्करने ठसठशीत लिहा. हसू नका.

कापताना खोली १० एमएम, तीन फेऱ्यांत. साग राउटरला सोपा वाटतो, पण त्यात सिलिका असते, बिटची धार लवकर जाते. खाचेतून जळका वास आला किंवा भिंती तपकिरी-काळ्या पडायला लागल्या की बिट बदला, हात जड करून रेटू नका. प्रत्येक खाच एकाच दिशेने कापा, कारण बिट राउटरला एका बाजूला ओढतो आणि बुश खाचेच्या त्याच भिंतीला टेकला पाहिजे. दर फेरीनंतर भुसा फुंकून काढा, भुसा राहिला की खोली कमी भरते आणि पट्टी आत पूर्ण बसत नाही. आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर, डावा आणि उजवा, अकरा अकरा खाचा पाडून पाहा. पहिल्या आणि अकराव्या खाचेतलं अंतर २५० एमएम आलं पाहिजे, आणि दोन्ही तुकडे आतल्या कडा समोरासमोर धरल्यावर खाच खाचेसमोर आली पाहिजे. एवढी अर्ध्या तासाची खटपट दांडेलीच्या एका लाकडाच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे.

पट्ट्यांसाठी लाकूड निवडताना रेषा सरळ बघा. पांढरा भाग अजिबात घेऊ नका, वाळवी आणि भुंगा तिथूनच शिरतो. चार झडपांना १५६ पट्ट्या, ३६८ बाय साडेछत्तीस बाय १० एमएमच्या, म्हणजे तयार माल जेमतेम पाऊण घनफूट. करवतीत आणि रंध्यात जाणारं आणि गाठींचं धरून दीड घनफूट सांगा. उभ्या-आडव्या लाकडांचा हिशेब वेगळा. झडप पूर्ण रंगवणार असाल तर चौकटीला किंजळाचं लाकूडही चालतं, पॉलिश करणार असाल तर सगळं सागच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे भिजलेली दारं-खिडक्या बऱ्याच आल्या. प्लायचे थर सुटले होते, सागाची झडप धुऊन सावलीत वाळवून परत लावली तर नीट बसत होती. तेव्हापासून लोक मला साग का म्हणून विचारत नाहीत.

पट्टी खाचेपेक्षा रुंदीला अर्धा एमएम कमी, जाडीला एक दशांश कमी, आणि लांबीत दोन्हीकडे मिळून दोन एमएम कमी ठेवा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. खाचेत डिंक घालायचा नाही. पट्ट्या सुक्या ठेवायच्या, डिंक फक्त चौकटीच्या कुसवांना. घट्ट बसवलेल्या आणि चिकटवलेल्या पट्ट्या पहिल्या पावसात फुगल्या की त्यांना खाचेत जागाच उरत नाही, आणि लोक मग बिजागरीला दोष देतात.

एक शंका मात्र तुम्हीच दूर करायची. तुमच्या जुन्या झडपा पक्क्या होत्या की फिरत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पेठांतल्या जुन्या घरांत मध्ये काठी असलेल्या फिरत्या झिलमिल्याही बऱ्याच आहेत. जुनं उभं लाकूड शिल्लक असेल तर आतली कड बघा. तिरक्या खाचा असतील तर पक्क्या, गोल भोकं असतील तर फिरत्या. फिरत्या असतील तर वरचा जिग लागतच नाही. त्याच भोकांच्या पट्टीवर ड्रिल चालवायचं, झिलमिलीच्या पट्टीच्या टोकाला गोल खुंटी काढायची, आणि सगळं लक्ष काठीच्या कड्यांवर द्यायचं. तो वेगळा विषय आहे, तसं असेल तर परत विचारा.

जोडणीच्या वेळी एक उभं लाकूड टेबलावर आडवं, खाचा वर. आडवी लाकडं कुसवांसकट त्यात उभी करा, मग सगळ्या पट्ट्या खाचांमध्ये. रंग किंवा पॉलिश त्याआधीच मारलेलं हवं, जोडल्यावर पट्ट्यांच्या मधे ब्रश जात नाही. दुसरं लाकूड वरून टेकवताना एका टोकाकडून सुरू करा. पाच-सहा पट्ट्या खाचेत गेल्या की पुढच्या बोटाने सरळ करत जा, पॅन्टची चेन लावतो तसं. इथं घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या, एकट्याने चाळीस पट्ट्या धरायला दोन हात पुरत नाहीत. आणि खालच्या आडव्या लाकडाची वरची कड बाहेरच्या बाजूला चार-पाच एमएम उतरती रंधून ठेवा. शेवटच्या पट्टीवरून ओघळलेलं पाणी तिथंच साठतं, आणि जुनी झडप कुजायला लागते तीही तिथूनच.